अर्जदार क्रमांक एक

बायको गेल्यानंतर कारकून पहिल्यांदाच कामावर आला, तर वकिलांच्या दाराशी एक म्हातारी बसलेली. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

"साहेब बाहेरगावी गेलेत, मावशी. उद्या या."

"उद्यापर्यंत तो राहतोय कुठे?" म्हातारी म्हणाली.

तो म्हणजे आठवाले. रेडिओवर रात्री आठच्या बातम्या वाचायचे म्हणून सगळे त्यांना आठवालेच म्हणत. त्यांचा आवाज आला की घराघरात ताटं मांडली जायची. आता ते दवाखान्यात बेशुद्ध पडून होते. आत फक्त नातेवाइकांना सोडत होते, आणि त्यांना नातेवाईक कोणी नाही असं त्यांचे सगळे व्यवहार बघणाऱ्या मॅनेजरने लिहून दिलं होतं.

"मी सख्खी बहीण आहे त्याची. पाठची नाही, पुढची. कडेवर घेऊन हिंडवलंय त्याला."

पण म्हातारीच्या कागदांवर भावाचं जन्माचं नाव होतं, आणि सगळ्या जगाला माहीत असलेल्या नावाशी ते एका अक्षरानेही जुळत नव्हतं. मॅनेजरने तिला हात जोडून सांगितलं होतं, "आजी, बहीण म्हणून आलेल्या तुम्ही पाचव्या. एक मावसभाऊ तर फोटो काढायलाच आला होता. नाव बदलल्याच्या कोर्टाच्या नकला आणा, मी स्वतः दार उघडतो."

"मला त्याचं काही नको हो," म्हातारी कारकुनाला म्हणाली. "घर नको, दार नको. जिवंत आहे तोवर एकदा बघू द्या."

कारकुनाने टेबलावरची धूळसुद्धा पुसली नाही. तिला घेऊन तो अंगण ओलांडून कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेला.

तिथली बाई त्याला कितीतरी वर्षं ओळखत होती. त्याला बघून ती उठून उभी राहिली. "दादा, जेवलात का?" एवढंच म्हणाली.

"जेवलो. नाव बदलल्याची सूची काढा, ताई."

ती सूची जुन्या नावाने लावलेली असते. नव्या नावावरून मागे जायचं म्हटलं तर वाट नाही, जुन्यावरून पुढे मात्र जाता येतं. म्हातारीकडे तर मुळातलंच नाव होतं. पहिला हुकूम लगेच निघाला. पोराने नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं टाकून नवं घेतलं होतं. कारण लिहिलं होतं, 'वडिलांनी घराबाहेर काढले.'

म्हातारीने चष्मा वर केला. "काढलं नव्हतं हो! 'माझं नाव लावू नकोस' म्हणाले एवढंच. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. आणि हा शहाणा खरंच कोर्टात गेला!"

पण घोडं अडलं ते पुढे. हे दुसरं नावही आठवाल्यांचं नव्हतं. यातलं स्वतःचं नाव तेवढं तेच, आडनाव निराळं. म्हणजे आणखी एकदा बदल झालेला असणार. ताईने या दुसऱ्या नावाखाली शोधलं. नाही. पुढची वर्षं काढली. तरी नाही.

"दादा, दुसऱ्या कोर्टात गेला असेल. नाहीतर हा माणूसच वेगळा. नावं सारखी काय, ढिगाने असतात."

म्हातारीने पिशवी उचलून पुन्हा मांडीवर ठेवली.

कारकून हुकूम परत वाचत बसला. शेवटी साक्षीदाराची सही असते, अर्जदाराला ओळखतो म्हणून सांगणाऱ्याची. इथे एका बाईची सही होती.

"मावशी, ही कोण?"

"कोण जाणे."

"यांचं लग्न झालं होतं?"

"त्याच्याशी कोण करणार लग्न? शर्टाची बटणं वरखाली लावायचा. नोकरीला लागेपर्यंत मी लावून दिलीत."

कारकून त्या सहीकडे बघत राहिला. त्याला आपलं घर आठवलं. जन्मभर त्याने दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, पण घरचा प्रत्येक अर्ज बायकोनेच भरला. "जगाचे अर्ज लिहिता, आणि घरचा आला की तुमचं पेन सापडत नाही!" म्हणायची. दोघांचा अर्ज असला की स्वतःचं नाव आधी टाकायची. "लिहिणारी मी, तर पहिली मी." तो नुसती सही करायचा. घरचा पहिला अर्ज त्याने भरला तो तिच्या मृत्यूच्या दाखल्याचा. त्यातही दोन कागद वाया घालवले होते.

"ताई," तो म्हणाला, "या बाईच्या नावाखाली बघा."

"हिच्या? हिचा काय संबंध?"

"बघा तर खरं. अर्ज दोघांचा असला तर सूचीत पहिल्याचंच नाव चढतं ना?"

ताईने पानं उलटली. मग बोट एका जागी थांबलं.

अर्जदार क्रमांक एक, ती. अर्जदार क्रमांक दोन, तो. नवरा-बायको दोघांनी आपापलं आडनाव सोडून एक नवंच मागितलं होतं. तेच ते, रेडिओवरचं. अक्षर बाईचं, स्वच्छ, गोल. त्याची खाली फक्त सही. कारण, 'आम्हा दोघांच्या मागे कोणी नाही. पुढे दोघांचे नाव एक असावे.'

कारकुनाने ते वाचून दाखवलं. म्हातारीने डोळ्याला पदर लावला.

"मागे कोणी नाही काय? मी होते की," ती म्हणाली.

ताईने दोन्ही नकलांवर शिक्के मारून दिले.

दवाखान्यात मॅनेजरने दोन्ही नकला वाचल्या. "बायको होती? मी आलो तेव्हापासून तर एकटेच. कधी बोलले नाहीत," तो म्हणाला. "रेडिओवाले किती मागे लागले होते, आडनाव लांबलचक आहे, एखादं छोटं घ्या. एवढी एक गोष्ट त्यांनी कधी ऐकली नाही." आणि त्याने खरंच स्वतः दार उघडलं.

म्हातारीने कारकुनालाही आत नेलं. नर्स म्हणाली, "नावाने हाक मारा, आजी. कधी कधी ऐकू जातं."

म्हातारीने कारकुनाकडे पाहिलं. हातातल्या नकलांकडे पाहिलं.

"नावाने मी त्याला कधी हाक मारलीच नाही," ती म्हणाली. मग वाकून, अगदी कानाशी, "ए. ए, ऐकतोयस ना? मी आलेय."

आठवाल्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हातारीने त्यांच्या अंगातल्या दवाखान्याच्या सदऱ्याचं चुकलेलं बटण काढलं, नीट लावलं, आणि पुन्हा म्हणाली, "ए."

कारकून बाहेर येऊन भिंतीशी उभा राहिला. त्यालाही घरात कुणी नावाने हाक मारली नव्हती.

"अहो," मागून आवाज आला.

तो गर्रकन वळला. मॅनेजर होता. हातात दवाखान्याचा कागद.

"अहो, जवळच्या नातेवाइकाचा फॉर्म आहे. आजी त्यांच्याजवळून हलत नाहीत. तुम्ही भरता का?"

कारकुनाने खिशात हात घातला. पेन तिथेच होतं.

"द्या," तो म्हणाला.