सहाव्या ओळीवरचं कुंकू

अनुदान समितीचं पत्र बसून वाचायला हवं होतं, हे गणपतरावांना ते वाचून झाल्यावर कळलं. उभ्याउभ्या वाचलं आणि मग खुर्ची चाचपत मागं सरकले.

शाहूपुरीत मोटारीच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. त्याच्या माडीवरच्या दोन खोल्या म्हणजे त्यांचा प्रकाशन न्यास. काम असं, की जुन्या घरांतून बांधून ठेवलेली मोडी पत्रं मिळवायची, वाचायची, बाळबोधीत उतरवायची आणि पुस्तकात डावीकडं मूळ कागदाचा फोटो, उजवीकडं उतारा असं शेजारी शेजारी छापायचं. पदरचा शब्द घालायचा नाही. असली पुस्तकं तीनशे खपली तर पेढे वाटावेत, त्यामुळं कुठल्या ना कुठल्या अनुदानाशिवाय खंड निघत नसे. या खेपेचा खंड सीमाभागातल्या पत्रांचा होता. बारा वर्षं गावोगाव हिंडून चारशे पत्रं जमली होती. गणपतरावांची पंचाहत्तरी उलटलेली, एका डोळ्यात पडदा आलेला. हा खंड आपला शेवटचा हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

"काय म्हणत्यात काका?" क्रांतीनं विचारलं. ती न्यासाची सचिव. अर्ज तीच करायची, फोटो तीच काढायची, आणि जिना झाडायची वेळ आली तर तोही तीच झाडायची.

गणपतरावांनी पत्र पुढं केलं. चारच ओळी होत्या. नमुना पान चौदा, पत्राची ओळ सहा. उताऱ्यात मजकूर दिला आहे. छायाचित्रात त्या जागी अक्षरे दिसत नाहीत. वाचनाचा आधार आठ दिवसांत कळवावा, अन्यथा अर्जाचा विचार होणार नाही.

"आधार म्हंजे काय? तुम्ही वाचलंय की," क्रांती म्हणाली.

"तो फोटो काढ बघू."

तिनं संगणकावर फोटो मोठा केला. सीमेवरच्या एका गावातल्या रुद्राप्पांच्या घरातलं पत्र. दीडदोनशे वर्षांमागं दरबारातून त्यांच्या पूर्वजाला आलेलं. पाचवी ओळ स्वच्छ होती: दुष्काळ पडिला ते समयी तुम्ही. सातवीही स्वच्छ होती: म्हणोन सरकार संतोष जाहले. मधल्या ओळीवर मात्र आडवे तीन भस्माचे पट्टे आणि वर कुंकवाचा थर. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग अक्षरं तिच्याखाली टांगतो. ती रेघ डागाच्या एका कडेनं आत शिरत होती आणि दुसऱ्या कडेनं बाहेर पडत होती. खाली टांगलेलं काही नव्हतं.

आणि उताऱ्यात गणपतरावांच्या हातचं वळणदार अक्षर होतं: आपले पेव उघडोन गोरगरिबांस धान्य वांटिले.

गणपतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "पोरी, हे मी वाचलेलं न्हाय. हे मी ऐकलेलं हाय."

ते ऐकलं होतं हळदीकरबुवांच्या कीर्तनात. गणपतराव दहा वर्षांचे असल्यापासून बुवा जाईपर्यंत त्यांनी त्यांचं एकही कीर्तन चुकवलं नव्हतं. पूर्वरंगात दानाचं निरूपण असलं की उत्तररंगात बुवा हेच आख्यान लावायचे. दुष्काळात एका सावकारानं जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं, सगळं गाव जगवलं, आणि शेवटच्या पायलीला त्याच्या स्वतःच्या घरात चूल पेटली नाही. झांजा थांबायच्या, तबलजी हात मांडीवर ठेवायचा, आणि शाहूपुरीतले भलेभले अडते उपरण्यानं डोळे पुसायचे. गणपतरावांचा देवावर विश्वास बसला तो त्या आख्यानानं. पुढं भूमी अभिलेख कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली, पण कुणाच्या रुपयाला हात लावला नाही, तोही त्याच्याच जोरावर. मग तीच कथा सांगणाऱ्या रुद्राप्पांच्या घरात खुद्द त्या सावकाराला लिहिलेलं पत्र हातात आलं, तेव्हा डोळ्याला पाणी आलं होतं आणि हात आपोआप चालला होता. अंदाजानं भरलेल्या शब्दांना घालतात तो चौकटी कंस नाही, टीप नाही, काही नाही.

"मग आता?" क्रांती म्हणाली.

"आता गावाकडं जायचं. ऊन चांगलं असताना कागद परत बघायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं निघाले. कागल मागं पडलं, निपाणी आली. गणपतराव खिडकीतून उसाकडं बघत होते आणि मनात बुवांचं कीर्तन चाललं होतं. नमन, निरूपण, मग पेटीवर स्वर धरून आख्यानाची सुरुवात. आणि एकाएकी त्यांना बुवांचा उजवा हात दिसला. हे आख्यान सुरू करताना बुवा कानाची पाळी धरायचे! पुराणातली कथा असली तर ते हात जोडायचे, ग्रंथाचं नाव घ्यायचे. इथं मात्र कान धरून म्हणायचे, "मंडळी, हे ऐकीव आहे हो." मग पुढं सरकायचे. पन्नास वर्षांत गणपतरावांना कथेतला शब्द न् शब्द पाठ झाला होता. तेवढा धरलेला कान विसरला होता.

"क्रांती," ते म्हणाले, "बुवांनी कंस घातलेला होता गं. म्या काढून टाकला."

रुद्राप्पांचं गाव गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला लागून. रुद्राप्पा सत्तरीचे, गुळाचा व्यापार करणारे, कपाळावर भस्म, आवाज तालमीतल्या वस्तादाचा.

"या पावणं या! पुस्तक झालं व्हय? नमुन्यातलं उताऱ्याचं पान मी फ्रेम करून लावलंय बघा. जंगमस्वामी आलते, त्यास्नी सुद्धा वाचून दाखवलं. आमच्या मूळ आज्ज्यानं पेव उघडलतं, दरबारानं लिवून दिलंय!"

घराच्या दर्शनी सोप्यात भिंतीवर ते पान खरंच लावलेलं होतं. गणपतरावांना वाटलं, आत्ताच्या आत्ता पाणी मागावं आणि परत फिरावं. त्याऐवजी ते खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. चूक कुणाची, कशी झाली, समितीनं काय विचारलंय आणि आता तिथं काय छापावं लागेल.

"कोरं?" रुद्राप्पा उठून उभे राहिले. "आमच्या आज्ज्याच्या नावाम्होरं कोरं ठेवणार तुमी? न्हाय जमायचं. फोटो माझ्या कागदाचा हाय. कोरं ठेवणार असशीला तर सही परत घेतो मी. छापू नका जावा."

क्रांतीनं गणपतरावांकडं पाहिलं. परवानगी गेली तर अर्जातलं मुख्य पत्रच गेलं. आणि खोटं उत्तर दिलं तर परवानगी राहील, बहुतेक अनुदानही मिळेल. 'मूळ कागदावर अंधुक दिसते' एवढी एक ओळ लिहायची. समिती काय इथवर बघायला येणार होती? हे तिच्या मनात आलं, आणि त्यांच्या मनात आलं नसेल असं नाही.

"रुद्राप्पा, कागद बघू तरी एकदा," गणपतराव म्हणाले.

शांतादेवी, रुद्राप्पांच्या पत्नी, आतून रेशमी कापडात बांधलेलं दप्तर घेऊन आल्या. पाटावर ठेवलं, नमस्कार केला, गाठ सोडली. गणपतरावांनी पत्र दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि अंगणातल्या उन्हात तिरपं धरलं. भिंग लावलं. कुंकू कडेनं थोडं सुटलं होतं. त्याखालचा कागद मऊ पडला होता, धुतल्यासारखा.

"अक्का, याची पूजा कशी करता?"

"दसऱ्याला काढतो. तीन बोटं भस्मात भिजवून वडायची, मग कुंकू. माझी सासू करायची, तिची सासू करायची."

"भस्म कोरडं?"

"पाण्यात कालवून की. कोरडं कसं बसंल?"

जुनी शाई काजळीची. पाण्याचं बोट लागलं की उठते. गणपतरावांनी हे शक्य तितक्या हळू सांगितलं, पण असल्या गोष्टीला हळू सांगणं म्हणून काही नसतं.

शांतादेवींनी स्वतःची बोटं पाहिली. "म्हंजे आमीच पुसलं?"

रुद्राप्पा परत खाली बसले.

"अक्का," गणपतराव म्हणाले, "कागदावर ओळी अकरा हायत. बोटं एवढ्या एकाच ओळीवर का वडली?"

"सासूनं दावलतं. हितंच वडायची म्हणून. हितं आज्जाचं पुण्य हाय म्हणायची. तिला तरी कुठं वाचाय येत हुतं."

"बघा. त्या ओळीत काय हुतं ते मला सांगता येत न्हाय, कुणालाच येणार न्हाय आता. पर तुमच्या घरानं पुण्य कुठल्या ओळीत ठेवलं हुतं, ते ह्या कागदावर दिसतंय. ते मी लिहीन. बोटांचे पट्टे दिसतात असं लिहीन, आणि घरात पेवाची कथा सांगत्यात हेबी लिहीन. टिपेत. म्या बघितलं ते येगळं आणि ऐकलं ते येगळं."

"टिपा कोण वाचतंय?" रुद्राप्पा गुरगुरले.

"तुमास्नी तरी मोडी कुठं येतंय?" शांतादेवी एकदम म्हणाल्या. "वाचणारा माणूस दारात येऊन न्हाय दिसत म्हणतोय, आणि तुमी दिसतंय म्हणून भांडताय! उद्या कुणी दुसरा वाचणारा आला आणि खोटं म्हणाला, म्हंजे आज्जा खोटा पडंल. पेवबी खोटं पडंल." मग त्या क्रांतीकडं वळल्या. "पुस्तकात ह्यो फोटो कसा दिसणार, दाव बघू."

क्रांतीनं नमुन्यातलं फोटोचं पान काढलं. काळ्यापांढऱ्या छपाईत कुंकवाचा मोठा काळा ठिपका पडला होता आणि भस्म राखाडी होऊन कागदात मिसळलं होतं.

"हे काय? जळालंय व्हय कागद?"

"न्हाय हो अक्का, रंगीत छपाई आपल्या अर्जात न्हाय. सगळं काळंच येतं."

"मग ते कोरं तुमचं ठेवा," शांतादेवी म्हणाल्या, "पर माझं कुंकू काळं छापू नका. लोकं म्हणतील शाई सांडली. म्या आणि माझ्या सासूनं शाई सांडली न्हाय."

रुद्राप्पांनी बायकोकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या फ्रेमकडं. दोन्ही हात मागं बांधून अंगणात एक फेरी मारून आले. "लाल छापशीला?"

क्रांती बोटावर काहीतरी मोजत होती. "कापडी बांधणी सोडली, साधी पुठ्ठ्याची केली, तर एक पान रंगीत निघंल काका."

"निघंल," गणपतराव म्हणाले.

"मग करा," असं म्हणून रुद्राप्पांनी स्वतःच खिळ्यावरची फ्रेम उतरवली आणि उलटी करून कोनाड्यात ठेवली.

दप्तर परत बांधताना शांतादेवींनी सवयीनं कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं. हात पत्राकडं गेला, थबकला. मग त्यांनी गाठ मारली आणि कुंकू गाठीवर लावलं.

समितीला उत्तर गणपतरावांनी स्वतः लिहिलं. 'सहाव्या ओळीचा मजकूर कागदावर नाही. मी लहानपणापासून कीर्तनात ऐकलेला मजकूर तेथे लिहिला. चूक माझी आहे, न्यासाची नाही. दुरुस्त पान व टीप सोबत जोडली आहे. चौदाव्या पानाचे छायाचित्र रंगीत छापावे लागेल, त्यासाठी बांधणी साधी करीत आहोत.' क्रांती म्हणाली, "'चूक माझी' हे वाक्य काढूया का?" ते म्हणाले, "पदरचा शब्द घालत न्हाय, तशी पदरची चूक झाकूबी न्हाय."

महिन्याभरानं मंजुरी आली. जरा कमीच आली, आणि शिवाय चारशेच्या चारशे पत्रांचे उतारे मूळ कागदाशी पुन्हा ताडून पाहावेत अशी अट घालून. गणपतराव दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी भिंग पुसून बसले.

ताडून बघायची न्यासाची रीत जुनी होती. एकानं उतारा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं मूळ कागदाच्या फोटोवर बोट चालवायचं. क्रांती वाचायची, गणपतरावांचं बोट चालायचं. खाली दुकानात कुणीतरी सायलेन्सरवर घासाघीस करत होतं. चौदावं पान आलं.

"दुष्काळ पडिला ते समयी तुम्ही," क्रांतीनं वाचलं आणि थांबली.

गणपतरावांचं बोट लाल डागाच्या डाव्या कडेशी आलं. तिथून ते रेघेच्या अंदाजानं सावकाश पुढं सरकलं, एक ओळ वाचायला लागेल तितकाच वेळ घेत. डावा हात कधी कानाच्या पाळीशी गेला हे त्यांना कळलं नाही. बोट उजव्या कडेला पोचलं, आणि त्यांनी पुढं वाच म्हणून मान हलवली.

"म्हणोन सरकार संतोष जाहले," क्रांतीनं वाचलं.