तेजलचं काही खरं नाही

‘तेजल’ गाड्या बंद करायच्या का, हे ठरवायला कंपनीचे साहेब नांदेडच्या शोरूमला येणार म्हटल्यावर लुंबिनी कामाला लागली. तेजलचं काउंटर तिचं. त्याच कंपनीच्या थोरल्या ‘गिरिराज’ गाड्या शेजारीच विकल्या जायच्या; त्यांवर कमिशन जास्त. तिनं कंधार-नायगावच्या तेजलच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले, “उद्या गाडी घेऊन याच.”

माणसं झाडून सगळी आली. अंगण भरलं. साहेबांमागोमाग लुंबिनी बाहेर आली अन् तिनं रांगेतल्या गाड्या पाहिल्या. एकजात गिरिराज!

“आप्पासाहेब, तुमची तेजल कुठाय?” तिनं पुढं उभ्या गिऱ्हाइकाला दबक्या आवाजात विचारलं.

आप्पासाहेब मोठ्यानं हसले. “इसरलात का मॅडम? मागल्या दिवाळीत तुमीच तर बदलून दिली. म्हणलात, तेजलचं काई खरं न्हाई.”

कंपनीच्या साहेबांनी लुंबिनीकडं मान वळवली.