सासूबाईंचा पूल

शामसुंदरराव आयुष्यात एकच मोठं खोटं बोलले, आणि तेही सासूच्या अस्थींबद्दल. नऊ वर्षं त्यांनी ते निभावलं. परवा मुलानं, कौस्तुभनं, आईबाबांची कोकणाची तिकिटं काढली नि ते खोटं उघडं पडायची वेळ आली.

सासूबाई तिकडच्या एका बेटावरच्या. बेट आणि किनारा यांच्यामध्ये समुद्राचा चिंचोळा पट्टा, त्यावर दीडशे वर्षांचा दगडी पूल आणि दोन्हीकडून बांध. म्हातारपणी भिलाईला लेकीकडे आल्या, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्येच वारल्या. मागणं एकच होतं: मला आमच्या पुलावरून भरल्या पाण्यात सोडा. लेकीचा, वसुंधराबाईंचा, पाय तेव्हा प्लास्टरमध्ये. मग जावईच कलश घेऊन निघाले. त्यांच्या स्टील प्लांटमध्ये भट्टी बंद ठेवून कॅपिटल रिपेअर, म्हणजे मोठी दुरुस्ती, चाललेली, सुट्टी मोजून चार दिवस.

सकाळी सहाला पुलावर पोचतात तर काय, खाली पाणीच नाही. नुसता काळा चिखल. शिवनाथ नदी पाहून मोठा झालेला माणूस, समुद्रही रोज मागं सरतो हे त्याला कोण सांगणार? एक मासळीवाली म्हणाली, थांबा, दुपारी भरेल. पण परतीची एसटी साडेसातला होती. या भल्या माणसानं कलश तिथंच उपडा केला. चिखलावर पांढरा डाग पडला. तो डोळ्यांनी पाहून हे स्टँडवर आले आणि सातला घरी फोन केला, "पाणी काठोकाठ होतं."

तेव्हापासून पितृपक्षात सासूचं पान वाढलं, की त्यांना स्वतःची शरम वाटे. आता तर बायको त्याच पुलावर उभी राहून, कुठं सोडलंत, म्हणून विचारणार. दुपारच्या चहाला त्यांनी सांगूनच टाकलं.

"वसू, मी खोटं बोललो. पाणी नव्हतं. बस सुटून जाईल म्हणून आईले चिखलात टाकून आलो."

वसुंधराबाई मटार सोलत होत्या. सोलतच राहिल्या. "माहीत आहे मला."

"तुले कसं माहीत?"

"पौर्णिमा होती त्या दिवशी. पौर्णिमेला सकाळी तिथं ओहोटी असते, भरती बाराला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दुपारी पाणी आलं असेल, आईला घेऊन गेलं असेल. त्याचं काही नाही."

शामसुंदररावांना हायसं वाटलं. "मग इतकी वर्षं बोलली कावून नाही?"

"तुम्ही आपणहून सांगाल, म्हणून थांबले होते. तुम्ही तिकीट निघाल्यावर सांगितलंत." त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली. "कौस्तुभ, बाबांचं तिकीट कॅन्सल कर. मी एकटीच जाते."