‘एस’ दाबले की श्रीनिवास

मित्रांनो, मी एक जुनी यादी आहे. पण मला कागद नाही, शाई नाही, आणि कोणी मला कधी बसून लिहिलेलेही नाही. ई-मेल लिहिताना तुम्ही पत्त्याच्या रकान्यात एक अक्षर दाबता आणि खाली चार-दोन नावे लगबगीने पुढे येतात ना? ‘हे का? की हे?’ असे विचारत? ती मी. तुम्ही मला रोज वापरता, पण माझे नाव विचारले तर सांगता यायचे नाही.

माझा जन्म वाघोलीतल्या एका फ्लॅटमध्ये झाला. घर दीपालीचे, ती आयटी कंपनीत नोकरीला. संगणक मात्र तिच्या वडिलांचा, दशरथरावांचा. ते सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी पहिले पत्र ज्या पत्त्यावर पाठवले तो मी उचलून पोटात ठेवला. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. एकदा घाईत चुकीचा टाइप झाला, तोही ठेवला. मी निवाडा करत नाही, नोंद करते.

आणि नोंद करणाऱ्याला माणसे फार लवकर कळतात. माझा नियम असा, की ज्याला जास्त वेळा लिहाल तो वर. दशरथरावांचे सख्खे पुतणे तळाला गेलेले, आणि सोसायटीचे चेअरमन केदारराव सगळ्यांच्या वर! कारण पाण्याचा दाब आणि जिन्यातल्या चपला या विषयांवर त्यांना दर सोमवारी तक्रार जाई. माणूस मायेपेक्षा भांडणासाठी जास्त पत्रे लिहितो, हा माझा अनुभव. केदाररावांना टक्कर देणारे नाव एकच होते. श्रीनिवास.

श्रीनिवास त्याच कचेरीतले, शेजारच्या टेबलावरचे. निवृत्तीनंतर स्वारगेटजवळची जागा सोडून ते मुलाकडे बंगळूरला गेले. पुढे त्यांना फोनवरचे धड ऐकू येईना म्हणून त्यांचा फोन, नंबरासकट, बंद झाला आणि दोघांचे ई-मेलवर बुद्धिबळ सुरू झाले. दोन्ही घरी एकेक पट मांडलेला. एकाने चाल लिहायची आणि खाली एक टोमणा. दुसऱ्याने ती सोंगटी आपल्या पटावर हलवायची आणि विचार करून उत्तर द्यायचे.

“घोडा पुढे घेतला आहे. घाबरू नकोस, चावत नाही,” असे श्रीनिवास लिहीत.

“घोडा ओळखला. धन्यासारखाच, सरळ चालत नाही,” असे दशरथराव.

बाकी ख्यालीखुशाली नाही. नियमही एकच: ज्याची चाल, त्यानेच लिहायचे. दुसऱ्याने आठवण करायची नाही. “जन्मभर स्मरणपत्रं टाइप केली,” दशरथराव म्हणत, “आता निदान डावात तरी नकोत.”

कचेरीची आणखी एक सवय त्यांच्या हाडात होती. आलेली चाल पटावर मांडली की पत्र पुसायचे. आपली चाल गेली की तेही पत्र पुसायचे. वर कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी करायची. प्रकरण निकाली! आणि पत्ता? पत्ता लिहून ठेवायची गरजच काय? ‘एस’ दाबले की श्रीनिवास. तो पत्ता त्या घरात आता फक्त माझ्या पोटात होता. मला त्याचा अभिमान वाटे. त्यातला धोका कोणाच्या ध्यानात आला नाही; माझ्याही नाही.

गणपतीच्या तोंडावर श्रीनिवासचे पत्र आले. “उंटाने प्यादे खाल्ले. आता ऐक. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत दिसेल, पुढचे सांगता येत नाही. तेव्हा फायलीसारखा डाव कुजवू नकोस. तुला एकदा हरवून मग अंधारात बसायला माझी हरकत नाही.”

दशरथरावांनी पत्र दोनदा वाचले, पटावर उंट हलवला आणि पत्र पुसले. चाल आता त्यांची होती.

नेमका त्याच आठवड्यात सणाच्या सवलतीत दीपालीने नवा संगणक आणला. जुन्यातले फोटो नेले, गाणी नेली, गॅसवाला आणि दातांचे डॉक्टर असलेली पत्त्यांची वही नेली. मी राहिले. मला कोणी मुद्दाम वगळले नाही. मी आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. स्क्रीन भंगारात गेली आणि उरलेली पेटी प्लास्टिक घालून गॅलरीत गेली. वीज नसली की मला बोलता येत नाही. ऐकू मात्र सगळे येई.

“दीपाली, श्रीनिवास कुठे गेला गं?”

“कोण श्रीनिवास?”

“‘एस’ दाबलं, तर येत नाही.”

“बाबा, पूर्ण पत्ता टाका की.”

“पत्ता मला काय ठाऊक? तो आपला आपण यायचा.”

“मग जुन्या मेल बघा.” माउसची टकटक. “सगळ्या डिलीट केल्यात? सगळ्या? बाबा!”

“काम झालं की कागद ठेवायचा नसतो.”

“बरं, मग ते लिहितीलच तुम्हाला.”

“चाल माझी आहे. तो लिहायचा नाही.”

“अहो, हा काय हट्ट?”

“हट्ट नाही. नियम.”

दशरथरावांनी आठवेल तसे पत्ते जुळवून पाहिले. काही पत्रे परत आली. एक कुठल्याशा भलत्याच श्रीनिवासला पोचले, त्याने विचारले, “कोण आपण? आणि माझ्या वजिरावर कशासाठी येत आहात?” मग दशरथराव बसने स्वारगेटला जाऊन आले. श्रीनिवासच्या जुन्या इमारतीभोवती पाडकामाचे पत्रे ठोकलेले होते. शेजारीपाजारी सगळे पांगलेले. “येत्या रविवारी जुना पीसी लावून बघते,” असे दीपाली म्हणे. मग रविवारी ऑफिसचे काम निघे, पाहुणे येत, दिवाळीची साफसफाई येई. ती वाईट मुलगी नव्हे. तिच्या हिशेबी ते म्हाताऱ्यांचे खेळणे होते, आणि खेळण्याला कोणी तारीख घालत नाही.

दिवाळी झाली. दशरथराव रोज सकाळी सोंगट्यांवरची धूळ पुसत आणि ज्या त्या घरात परत ठेवत. पण विचारणे त्यांनी थांबवले. हे दीपालीला चार दिवसांनी जाणवले.

“बाबा, हल्ली श्रीनिवासकाकांचं काढत नाही तुम्ही?”

“दिवाळी झाली,” ते म्हणाले.

तेव्हा कुठे तिने दिवाळीचा काय संबंध ते विचारले, आणि त्यांनी श्रीनिवासच्या डोळ्यांचे सांगितले. ती तशीच उठून गॅलरीत आली. माझ्यावरचे प्लास्टिक काढले, पेटी हॉलमधल्या टीव्हीला जोडली, नेटवर वाचून वाचून कोपरे धुंडाळले आणि एका खणात मी सापडले. “एवढीशी फाइल?” ती स्वतःशीच म्हणाली. गणपतीपासून ताटकळलेली मी एका श्वासात नव्या घरी पोचले.

“बाबा, दाबा ‘एस’.”

त्यांनी दाबले. श्रीनिवास उभा राहिला.

“हाच! बघ, शेवटी ‘राव’ आहे. मी ते लावलंच नव्हतं.” त्यांनी चाल लिहिली, खाली लिहिले, “उशीर झाला. यंत्राचा घोळ. वजीर सांभाळ.” त्या संध्याकाळी माझे फार कौतुक झाले. जन्मात पहिल्यांदा.

उत्तर दुसऱ्या दिवशी आले. पत्ता तोच, हात दुसरा.

“काका, मी सोनाली, बाबांची सून. बाबांना आता फक्त उजेड कळतो. नवरात्रात रोज विचारायचे, चाल आली का? मी म्हटलं, मीच काकांना लिहू का? तर म्हणाले, पाळी त्याची आहे, लिहायचं नाही. दिवाळीनंतर विचारणं सोडलं. काल तुमची चाल वाचून दाखवली. ते पट चाचपायला गेले आणि सोंगट्या पडल्या. म्हणाले, दशरथला कळव, डाव त्याचा. घरं आता माझ्या डोक्यात राहत नाहीत.”

“बाबा, लिहा ना काहीतरी,” दीपाली हळूच म्हणाली. “वाचून दाखवतील त्यांना.”

दशरथरावांनी पत्र उघडले. मी नाव पुढे केले. त्यांनी ‘कसा आहेस’ लिहिले आणि पुसले. मग त्याच्या जागी टोमणा लिहायला घेतला, तो अर्ध्यात सोडला. इतकी वर्षे चालीच्या आडून सगळे बोलणे झाले होते. आता चालच नव्हती.

“काय लिहू गं?” त्यांनी विचारले. दीपाली खुर्ची ओढून शेजारी बसली.

मित्रांनो, जुने यंत्र टाकाल तेव्हा त्याच्या कोपऱ्यात कोण बसले आहे ते आधी पाहा. आपल्या माणसाचा पत्ता माझ्या भरवशावर सोडू नका. मी विसरत नाही, पण मी मागे राहते. आणि पाळी कोणाची, हा हिशेब पटापुरता ठेवा. ते पत्र अजून तसेच उघडे आहे. वर श्रीनिवासचे नाव आहे, खाली काही नाही. नाव पुढे करणे एवढेच माझे काम होते, आणि ते मी केले आहे.