दोन-दोन टोले

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. अख्खा रूळ नव्हे, हातभर लांबीचा तुकडा. बदनापूरजवळच्या एका लहान गावात, प्रार्थनाघरासमोरच्या कडुनिंबाला मला साखळीने टांगलेलं आहे. लोक मला घंटा म्हणतात. हे ऐकून खऱ्या पितळी घंटेला हसू येईल. येऊ दे. माझा आवाज ओढ्यापलीकडच्या शेवटच्या वावरापर्यंत जातो, तिचा जातो का ते आधी विचारा.

माझा जन्म भट्टीतला. लालभडक बाहेर आलो, गार झालो आणि थेट छोट्या गाडीच्या लाईनवर जाऊन पडलो. वर्षानुवर्षं अंगावरून डबे धडधडत गेले. गाडी अजून लांब असतानाच मला तिची चाहूल लागायची. लोखंडाचं असंच असतं. लांबचं आधी कळतं, पण कुणाला सांगता येत नाही. पुढे मोठी लाईन आली आणि आम्हाला उखडून गवतात फेकलं. तिथे गंज खात पडलो होतो. लाईनवर काम करणाऱ्या धर्मराजने साहेबांची परवानगी काढली आणि माझा तुकडा बैलगाडीत घालून गावी आणला. ज्या जाड खिळ्याने मला लाकडाला जखडलं होतं, तोही त्याने बरोबर घेतला. "ज्यानं बांधलं त्यानंच वाजवायचं," असं म्हणून त्याने तो खिळा दुसऱ्या साखळीने माझ्या शेजारी लटकवला. तेव्हापासून तो मारतो आणि मी बोलतो. आमचं दोघांचं बरं जमतं.

धर्मराजनंतर तो खिळा त्याच्या मुलाच्या, पुंजारामच्या हाती आला. काय हात होता तो! घट्ट्यांनी भरलेला, पण टोला अगदी नेमका. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, तरी माझी भाषा साऱ्या गावाला पाठ होती. उपासनेला तीन टोले. वादळ उठलं की जल्दी जल्दी टोले, म्हणजे वावरातून घरी या. मयत मातीला नेताना एकेक टोला, मध्ये लांब थांबून. आणि दोन-दोन टोले म्हणजे ओढ्याला पूर आलाय, आहात तिथेच थांबा. आमच्या ओढ्यावर उंच पूल नाही, बुटकी फरशी आहे. पाणी चढलं की ती दिसतसुद्धा नाही. त्या दोन-दोन टोल्यांनी किती माणसं वाचली असतील! लोक पुंजारामची पाठ थोपटायचे आणि इकडे मीच फुगायचो.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला आजही थंडी भरते.

परतीच्या पावसाचे दिवस होते. दुपार टळली नाही तोच आभाळ काळंठिक्कर झालं. पुंजारामने जल्दी जल्दी टोले दिले. वावरातली माणसं धावत आली आणि गावात पक्कं छत एवढंच म्हणून सगळी प्रार्थनाघरात शिरली. आला नाही तो एकटा भिवा. भिवा काही आमच्या उपासनेला येणारा नव्हे. तो सकाळी बुद्धवंदना म्हणणारा माणूस, पण पुंजारामचा लहानपणापासूनचा सोबती. पुंजारामने थोडी वाट पाहिली. मग खिळा सोडला आणि स्वतःच फरशीकडे पळाला.

मित्रांनो, जो सगळ्यांना घरी आणायचा तोच बाहेर गेला. त्याच्यासाठी वाजवायला मागे कुणी राहिलं नाही.

आत दार लावून गीत सुरू होतं. त्याची बायको गिरिजाबाई मधेच उठली. "ओढा भरला असंल. मी दोन-दोन देऊन येते." शेजारणीने हात धरून तिला खाली बसवलं. "बस गं माय. येशूवर भरवसा हाय ना? मंग?" गिरिजाबाई बसली. डोळे मिटून, सगळ्यांत मोठ्या आवाजात गायली.

सकाळी पाणी उतरल्यावर भिवा परत आला. तो पलीकडच्या एका गोठ्यात थांबला होता. पुंजाराम आला नाही. ओढ्याने त्याला दुधना नदीत नेलं आणि दुधनेने कुठे नेलं, देव जाणे. मयत सापडलंच नाही.

प्रार्थनाघराचे पाळक म्हणाले, मयत नसलं तरी प्रार्थना करू, टोले देऊ. गिरिजाबाईने साफ नकार दिला. "मयत कुठं हाय? मयत दाखवा, मंग टोले द्या." त्यानंतर ती दर रविवारी यायची, दाराजवळ बसायची, पण तिच्या तोंडून गीताचा एक शब्द निघायचा नाही. खिळ्याला तर ती शिवलीसुद्धा नाही. गाऱ्हाणं करायची ते येशूपाशीच, माझ्याखाली उभी राहून. "होडीतल्या लोकांसाठी तू झोपेतून उठलास. वादळाला गप म्हणालास अन् ते गप झालं. माझ्या माणसाच्या टायमाला तुझी झोप मोडली न्हाई?"

आणि मग ते सुरू झालं. वारा सुटला की खिळा साखळीवर हलायचा आणि माझ्यावर आपटायचा. एक टोला. बराच वेळ काहीच नाही. पुन्हा एक. थेट मयताचे टोले! गाव चळाचळा कापायचं. "पुंजाराम आपले टोले मागून राह्यला," असं म्हणायचे. संध्याकाळनंतर कडुनिंबाखालून कुणी जाईना. लेकरं रडली की आया माझं नाव सांगून गप्प करायच्या. काय दिवस आले होते माझ्यावर! एकटी गिरिजाबाई मात्र वाऱ्यात बाहेर यायची आणि अंधारात माझ्याकडे बघत विचारायची, "काय पाहिजे तुला? सांग ना रे." मी काय सांगणार? मी आपला गारठलेला लटकत राहायचो.

वर्षं गेली. प्रार्थनाघरावर भोंगा बसला. माझी गरज संपली आणि अंगावर गंजाचे पापुद्रे सुटले. गिरिजाबाईचा मुलगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला आहे. एकदा तो म्हणाला, "आई, लोक भितात याला. खाली काढू अन् भट्टीला देऊन टाकू." गिरिजाबाई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. भट्टीतून आलो, भट्टीत जाणार, एवढं मी मनाशी धरून ठेवलं. खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती.

मागच्या परतीच्या पावसाची गोष्ट. मुलगा कामावर होता. त्याची बायको दैवशाला ओढ्यापलीकडे कापूस वेचायला गेली होती. भिजला तर मातीमोल होईल, म्हणून एकटीच राबत होती. मोबाईल घरीच चार्जिंगला. आभाळ तसंच भरून आलं, तसंच काळंठिक्कर. भरदुपारी गावात दिवे लावावे लागले. भोंग्यावरून घरी या, घरी या असा पुकारा झाला. माणसं पुन्हा त्याच छताखाली गोळा झाली, म्हातारा भिवाही आला. दार लागलं. गीत सुरू झालं आणि वीज गेली. भोंगा मुका, गाव काळोखात.

दाराजवळ बसलेली गिरिजाबाई एकदम ताठ झाली.

"कोण वाजवून राह्यलं?"

"कुणी न्हाई. वारा हाय, वहिनी," भिवा म्हणाला. "मी सगळ्यांना बघितलं. दैवशाला सोडून सगळी आत हायेत."

"वारा न्हाई. दोन-दोन हायेत. ऐक बराबर."

त्याच शेजारणीने पुन्हा तिचा हात धरला. "बस गं माय, भरवसा..."

"त्या दिशी बसले," गिरिजाबाई म्हणाली. "आज बिलकुल बसणार न्हाई. भरवसा हाय म्हणूनच चालले." तिने हात सोडवला आणि दार उघडलं.

माझ्याखाली कुणी नव्हतं. खिळा नुसता हेलकावत होता. इतक्या वर्षांनी गिरिजाबाईने तो हातात धरला. तिचा हात जल्दी जल्दी मारायला उचलला गेला. घरी ये, लेकी, लवकर ये! कुणाचाही उचलला गेला असता. सून पलीकडे एकटी, वरून वीज कडाडतेय, आणि तिला तिथेच थांब म्हणायचं?

"वहिनी, फरशी बुडाली!" तिच्यामागून बाहेर पडून ओढ्याकडे धावलेला भिवा पावसातून ओरडला.

हात हवेतच थांबला. मग ती बोलली. अगदी हळू, पण मी अंगाजवळ होतो, मला ऐकू आलं.

"येशू, वादळ बंद कर म्हणत न्हाई मी. तुला झोपायचं तर झोप. पण तिच्या होडीत झोप."

आणि तिने टोले दिले. दोन. दोन. दोन. माझ्या अंगावरचा गंज उडून तिच्या पदरावर पडत होता. हात सोलवटला तरी ती थांबेना. शेवटी भिवाने खिळा हिसकून घेतला, तोही रडत होता. "माझ्यापायी गेला तो, वहिनी. आता मला तरी वाजवू द्या." मग दोघांनी आळीपाळीने वाजवलं. एकेक करून माणसं बाहेर येऊन पावसात उभी राहिली. गीत आता उघड्यावर चाललं होतं.

रात्रीच्या जेवणवेळेला पाऊस ओसरला आणि फरशी उघडी पडली. भिवा बॅटरी घेऊन गेला आणि दैवशालाला घेऊन आला. चिखलाने माखलेली, गारठलेली, पण धडधाकट. सासूच्या गळ्यात पडून ती म्हणाली, "आत्याबाई, फरशीवर पाय टाकला होता मी. गावातले दिवे दिसत होते, म्हणलं पोचते जल्दी. तेवढ्यात तुमचे टोले आल्ते. मागं फिरले, अन् माझ्या डोळ्यांदेखत लोंढा आला."

गिरिजाबाईने तिला जरा दूर धरलं. "दिवे दिसत होते?"

"हो ना. दिवे मंग गेले."

दिवे गेले तेव्हा ती आत बसलेली होती. सगळे आत होते. तेव्हा माझ्याखाली कुणीच नव्हतं.

"वारा असंल," भिवा पुटपुटला.

मित्रांनो, वाऱ्याला मी चांगला ओळखतो. तो एकेकच टोला देतो. दोन-दोन त्याला कधी जमले नाहीत. मग त्या दुपारी खिळा कुणी धरला होता? पुंजारामने नाही. त्याचे घट्टे मी हजारांत ओळखले असते. मला दिसलं कुणीच नाही. पण माझा जोडीदार खिळा मला एवढंच म्हणाला की ज्या तळव्याने त्याला धरलं, त्या तळव्याला खिळ्याची ओळख होती. मधोमध, आरपार. यापुढे मला विचारू नका. मी लोखंड आहे, मला शहारा येतो.

गिरिजाबाईने तिचं ती ओळखलं. माझ्या गार अंगावर सोलवटलेला हात ठेवून म्हणाली, "येशू, तू त्या दिशीबी वाजवत असशील. आम्हीच मोठ्यानं गात होतो."

तिचं म्हणणं खरं होतं का, ते मला ठाऊक आहे. पण मला आपलं आपण बोलता येत नाही, आणि या बाबतीत ते बरंच आहे.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर तिने स्वतः पुंजारामचे टोले दिले. एक. थांबून एक. पुन्हा एक. कुणी घाबरलं नाही. टोले संपल्यावर ती गीत म्हणू लागली. आवाज फाटका होता, सूरही हलला, पण ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. मुलाने मला भट्टीला नेण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. उलट जालन्याहून नवी साखळी आणली आणि मला तेल पुसलं.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा नाही, गंज आतपर्यंत गेलाय. माझं एवढंच मागणं आहे. साखळीला तेल देत जा. आणि वादळ आलं की प्रार्थना करा, जरूर करा, तो होडीत असतो. पण दार लावून गाऊ नका. बाहेर कुणीतरी दोन-दोन टोले देत असेल.