धुराची वाट

वापीच्या भर बाजारात गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा विजय दार उघडून उतरला आणि मागे न बघता चालू लागला. मागचे ट्रकवाले हॉर्न बडवत होते. वर्षाने चावी फिरवली, रेस दाबून धरली, घुरघुरणारी गाडी कशीबशी पुढे काढली आणि नवऱ्याला गाठलं.

"बसा आत. उन्हात चालू नका."

"विकून टाक ही गाडी," तो म्हणाला. "मी बसने येत जाईन."

बसचं काही खरं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. विजय नरोलीच्या एका सूत कारखान्यात मेंटेनन्सचा इंजिनिअर. त्या पावसाळ्यात त्याचा उजवा हात मशीनच्या रोलरात सापडला होता. बोटं वाचली, पण मूठ वळेना. बोटांच्या व्यायामासाठी त्याला सिल्वासाहून वापीला न्यावं लागे, आणि बसच्या गर्दीत त्या हाताला कुणाचा नुसता धक्का लागला तरी त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी येई. वर्षा नाशकात वडिलांच्या मेटॅडोरवर गाडी चालवायला शिकली होती, म्हणून निभत होतं. गाडी जुनी, जपानी. सिंगापूरहून आलेल्या एका माणसाकडून विजयने हौसेनं घेतलेली. हौस आता उरली नव्हती.

घरी आल्यावर वर्षा एवढंच म्हणाली, "विकायची तर विकू. पण तिला झालंय काय, ते आधी कळू दे."

दुसऱ्या दिवशी ती गाडी झिपरूच्या गॅरेजात घेऊन गेली. झिपरू नंदुरबारकडचा, नरोली रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं काम चाले. त्याने कार्बोरेटर खोलून साफ केला, प्लग बदलले, पॉइंट घासले. गाडी थंड होती तोवर छान चालली. टोकरखाड्यातल्या घरापर्यंत येताना इंजिन तापलं, वर्षाने घरासमोर रेसवरून पाय काढला, तशी थरथरून बंद.

"विलायती बला आहे ताई," झिपरू म्हणाला. "मी माझं सगळं केलं. आता हिला भंगारवालाच पाहिजे."

त्या आठवड्यात वर्षाने गाडीकडे नीट लक्ष द्यायला सुरुवात केली. विजय खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेला असे, व्यायामाचा रबरी चेंडू मांडीवर तसाच पडलेला. ती बाहेरून येऊन त्याला सांगे.

"रस्त्यावर वेगात असली की काही तक्रार नाही. उभी केली की मरते."

तो रस्त्याकडेच बघत राहिला.

"आणि सकाळी चोक ओढला की चालते. गरम झाली, चोक आत ढकलला, की संपलं."

विजयने मान वळवली. "चोक ओढल्यावर पेट्रोल जास्त जातं. म्हणजे कुठून तरी नको ते आत शिरतंय. हवा असेल."

"चला मग, शोधू."

तो उठला. किती दिवसांनी तो आपण होऊन गाडीपाशी आला होता. बोनेट उघडून, इंजिन चालू ठेवून त्यांनी रबरी नळ्या एकेक करून तपासल्या. वर्षा प्रत्येक जोडावर थेंबथेंब तेल सोडायची, विजय कान देऊन ऐकायचा. हवा शिरत असती तिथे तेल ओढलं जाऊन इंजिनाचा आवाज बदलला असता, पण तो कुठेच बदलला नाही. मग त्याने डाव्या हाताने कार्बोरेटरच्या मागे बसवलेल्या, भूछत्रासारख्या एका डबीकडे बोट दाखवलं.

"ईजीआर वॉल्व. इंजिनातून बाहेर पडलेला थोडा धूर हा पुन्हा आत सोडतो. मुद्दाम. धूर मिसळला की आतला जाळ जरा निवतो. पण हे फक्त चालत्या गाडीत. उभ्या गाडीत याने तोंड मिटलेलं पाहिजे."

"आणि मिटत नसेल तर?"

"तर इंजिन आपलाच धूर पिऊन गुदमरेल."

वर्षाने वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कातरीने कापला. वॉल्वचे दोन नट ढिले करून तो पॅकिंगच्या जागी सरकवला आणि धुराची वाट बंद केली. इंजिन तापवलं. रेसवरून पाय काढला. गाडी शिवणयंत्रासारखी एका लयीत चालत राहिली. वर्षाने आनंदाने बोनेटवर थाप मारली.

झिपरूला हे कळलं तेव्हा तो मोकळेपणाने हसला. "बेस झालं ताई! आता तो पत्रा काढूच नका. सगळे असंच ठेवतात."

वर्षालाही ते पटलं होतं. पण रविवारी ती विजयला घेऊन खानवेलच्या पुढे दुधनीच्या बाजूला गेली. चढ लागला आणि इंजिनातून किटकिट आवाज यायला लागला, डब्यात खडे घालून हलवावेत तसा. रेस वाढवली की खडे वाढत.

"थांबव," विजय म्हणाला. "आतला जाळ फार तापतोय. धूर हवा तेव्हा मिळत नाही ना. असंच रेटलं तर पिस्टन जातील."

"मग पत्रा काढायचा आणि तो वॉल्व साफ करायचा."

"तेव्हा नट नुसते ढिले केले होते; पुरते काढायचे तर आटे गंजलेत. मोडले तर गाडी दारात उभी राहील."

"आत्ता तरी काय, नाचतेय का?"

नटांना तेल पाजून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते सुटले. वॉल्व हातात आला तेव्हा त्याचं तोंड कोळशाने लिंपलेलं होतं. चुलीवरच्या कढईच्या बुडाला बसतो तसा काळा, कडक थर. एक खपली तोंडात अशी अडकली होती की ते मिटणंच शक्य नव्हतं. वर्षाने तोंडाकडचा भाग रॉकेलमध्ये बुडवला, वरच्या डबीतल्या रबरी पडद्याला रॉकेल लागू दिलं नाही, आणि हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने खरवडायला बसली.

"आण, मी धरतो," विजय म्हणाला आणि नकळत उजवा हात पुढे केला. वॉल्व बोटांतून निसटून ओट्यावर आपटला.

त्याचा चेहरा पडला. "मरू दे तो वॉल्व," तो ओरडला, "आणि मीही!" आत जाऊन त्याने दार लोटून घेतलं.

वर्षाचे हात क्षणभर थांबले. मागे जावं असं तिला फार वाटलं. पण आज हे काम अर्धवट राहिलं तर तो ते पुन्हा होऊ देणार नाही, हेही तिला कळत होतं. तिने वॉल्व उचलून पाहिला, कुठे चेपला नव्हता. ती खरवडत राहिली. नखं काळी झाली, नाकात रॉकेलचा वास बसला.

दार उघडल्याचं तिला कळलं नाही. विजय शेजारी येऊन बसला. त्याने वॉल्व डाव्या हातात घेतला. "पडदा फाटलाय का ते बघायला हवं. वरच्या नळीने ओढून घे." तिने नळी तोंडाला लावून हवा ओढली. आतली दांडी वर उचलली गेली. तिने तोंड काढताच विजयने नळीच्या टोकावर उजव्या हाताचं बोट टेकवलं. बोट घसरू पाहत होतं, पण त्याने ते दाबून धरलं. दांडी वरच राहिली.

"पडदा शाबूत आहे," तो म्हणाला. मग वॉल्व तिच्या हातात परत देत म्हणाला, "मघाशी मी जे बोललो ते..."

"राहू द्या. ब्रश द्या तो."

संध्याकाळी पत्रा वगळून सगळं जोडून झालं. गाडी उभ्याने सुरेख चालली. "आता खरी परीक्षा," विजय म्हणाला. "वॉल्वची नळी तोंडाने ओढ. वॉल्व उघडला की धूर आत शिरून इंजिन अडखळायला हवं."

वर्षाने ओढलं. इंजिन ढिम्म; तसंच एका लयीत चालू.

मग विजय हळूच म्हणाला, "वॉल्व काढताना निखळलेले कपचे इंजिनाकडच्या भोकात जाऊन बसले असतील. वाट आता पुरती तुंबली. उद्या परत खोलावं लागेल."

"उद्या कशाला? अजून उजेड आहे."

पुन्हा नट काढले. वॉल्वच्या मागे, इंजिनाकडे जाणारं भोक बोटभर रुंद आणि काळंकुट्ट. सायकलच्या चाकाच्या तारेचं टोक वाकवून वर्षाने आकडी केली. विजय म्हणाला, "ढकलू नकोस, सगळं इंजिनात जाईल. बाहेर ओढ." ती ओढत गेली. एकेक कपचा निघे, मध्येच तार अडे, मान अवघडे. शेवटी डाळीएवढा एक खडा सुटून तिच्या तळहातावर पडला आणि तार सरळ आत गेली.

यावेळी तिने नळी ओढली तेव्हा इंजिन धापा टाकून बंद पडायला आलं. नळी सोडली, पुन्हा शांत. तिने परत ओढलं, परत सोडलं, आणि तोंडातली रबराची कडवट चव पुसत हसत सुटली. विजयही हसला.

पुढच्या रविवारी दुधनीचा चढ गाडी मुकाट्याने चढली. वर पोचल्यावर विजयने गाडी थांबवायला सांगितली, उतरून बोनेटवर कान ठेवून ऐकलं आणि म्हणाला, "नाही विकायची."

त्याची मूठ पूर्वीसारखी कधीच वळली नाही, पण चेंडू तो आता न सांगता दाबू लागला. दिवाळीनंतर कामावर हजरही झाला. त्याच्या आदल्या दिवशी झिपरू स्वतः घरी आला. दमणच्या एका डॉक्टरची तसलीच जपानी गाडी त्याच्याकडे आली होती, उभी राहिली की मरणारी.

"साहेब, तुम्ही नुसतं सांगा," तो म्हणाला. "पन ताईंना बी घेऊन या. त्या भोकात तार कशी घालायची, ते त्यांनाच जमतं."

वर्षाने पदर खोचला आणि नट खोलायचे पाने काढायला आत गेली.