हिरव्या पाण्याची चाचणी

रकाना १. जागा

चार मजली इमारत, चाळीस बिऱ्हाडं. पुढे रस्ता, रस्त्याखाली सांडपाण्याची वाहिनी. तिच्यातलं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. मागे पावसाच्या पाण्याचं उघडं गटार. त्यातलं पाणी जसंच्या तसं नदीत. घरातलं पुढे सोडायचं, आभाळातलं मागे. एवढाच कायदा.

रकाना २. चाचणी घेणार

नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यातल्या निरीक्षक बाई. नोकरीला नऊ वर्षं झाली, पण खात्यात त्यांची ओळख अजून ‘झाकणसाहेबांची सून’ हीच. झाकणसाहेब म्हणजे त्यांचे सासरे, याच खात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्यानं उघडलेल्या मॅनहोलवर त्यांचा विश्वास नसे. पहार घेऊन झाकण स्वतः उचलायचे.

रकाना ३. पद्धत

मोऱ्यांमध्ये हिरवी भुकटी टाकायची, नळ सोडायचे आणि रस्त्यावरच्या मॅनहोलशी उभं राहायचं. तिथे हिरवं पाणी आलं की इमारत पास. भुकटी टाकण्याआधी अर्धा तास मॅनहोलमधलं पाणी नुसतं बघत बसायचं, असा नियम आहे. तो का आहे हे कुणी विचारत नाही. खात्यातला मुकादम त्या अर्ध्या तासाला ‘शोकसभा’ म्हणतो.

रकाना ४. निष्कर्ष

नापास.

तासभर झाला तरी पुढच्या मॅनहोलमध्ये हिरवा थेंब दिसेना. मग मागून मुकादमाची हाक आली, “बाई, इकडे या! नदी पोपटी झालीये!”

इमारतीचे अध्यक्ष तोवर एक कागद घेऊन खाली आले होते. बावीस वर्षांपूर्वीचा दाखला. चाचणी पास.

“सही ओळखीची वाटते का बघा,” ते म्हणाले. “एका टेबलावर जेवता म्हणे.”

सही सासऱ्यांची होती. बाईंनी कागद परत दिला.

“दाखला खरा असेल, तर त्यानंतर तुम्ही नळ्या फिरवल्या असा अर्थ होतो. मग नियमानं जबाबदारी रहिवाशांची. नवी वाहिनी तुमच्या खर्चानं, आणि ती होईपर्यंत पाणी बंद.”

“आम्ही फिरवल्या? अहो, आमच्यातल्या निम्म्यांना नळाचा वायसर बदलता येत नाही!”

बाईंनी मागच्या बाजूला हातभर खणून घेतलं. नळी इमारतीइतकीच जुनी. एकही नवा जोड नाही. कुणी काही फिरवलेलं नव्हतं. पाणी पहिल्या दिवसापासून मागेच जात होतं.

रकाना ५. पूर्वीची चाचणी व तीत चूक झाली असल्यास तिचे कारण

(त्या दिवशी कोरा.)

मधला मजकूर, फॉर्ममध्ये नाही

संध्याकाळी सासरे वर्तमानपत्र पसरून नखं कापत बसले होते.

“बाबा, नदीकडची ती चाळीस बिऱ्हाडांची इमारत आठवते?”

नेलकटर थांबलं. “पास आहे ती.”

“आज नापास झाली.”

“भुकटी जुनी असेल.”

“नवा डबा फोडला.”

“मॅनहोलवर कोण होतं? तो डुलक्या काढणारा मुकादम? त्याच्यापुढून समुद्र हिरवा होऊन गेला तरी जांभई देईल.”

“मी होते.”

सासरे पुन्हा नखांकडे वळले. आतून सासूबाई म्हणाल्या, “अगं, कारण कळलं नाही म्हणून लिही आणि मोकळी हो. निवृत्त माणसाची लक्तरं वेशीवर कशाला टांगायची?”

“कारण कळलं नाही असं लिहिलं तर बाबांचा दाखला खरा धरतात, आई. मग चाळीस घरांचं पाणी तोडतात.”

नेलकटर शेवटच्या नखापर्यंत वाजलं. मग सासरे म्हणाले, “उद्या मी येतो. परत चाचणी घे.”

रकाना ६. फेरचाचणी

सकाळी मुकादमानं मॅनहोलशेजारी स्टूल मांडलं. सासऱ्यांनी झाकणाला हात घातला. ते हललं नाही, तेव्हा मुकादमानं दुसरीकडून पहार लावली आणि आपण मदत केलीच नाही असा चेहरा केला.

शोकसभा सुरू झाली. खाली राखाडी पाणी वाहत होतं. दहा मिनिटं गेली.

“वरच्या अंगाला सूत रंगवण्याचा कारखाना होता,” सासरे पाण्याकडे बघतच म्हणाले. “आता नाही.”

बाईंनी मान वर केली.

“त्या दिवशी त्यांनी हिरवा रंग काढला होता. धुतलेलं पाणी याच वाहिनीत सोडायचे. मला काय ठाऊक! माणूस वर भुकटी टाकायला गेला, आणि इथे हिरवं पाणी आलं. मी सही ठोकली.”

“तुम्हाला शंका नाही आली?”

“आली. इमारतीतून इथवर पाणी यायला सहा मिनिटं तरी लागतात. ते दोन मिनिटांत आलं. मी मनाशी म्हटलं, उतार चांगला दिसतो.” त्यांनी चष्मा पुसला. “आठवड्यानं इथून जाताना सहज झाकण उघडलं. पाणी लाल.”

मुकादम खोकला आणि दूर जाऊन उभा राहिला.

“मग परत चाचणी का नाही घेतलीत, बाबा?”

“नियम केला ना. आधी अर्धा तास पाणी बघायचं. त्यानंतर एक इमारत अशी सुटली नाही.”

“ही सुटली की.”

सासऱ्यांनी घड्याळ बघितलं. अर्धा तास झाल्यावर भुकटी टाकली. सहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. पाणी राखाडीच राहिलं.

रकाना ७. जबाबदार (लागू नसेल ते खोडा)

छापलेले पर्याय तीन: रहिवासी, बांधकाम करणारा, कारण अज्ञात. खात्याचा पर्याय नव्हता. फॉर्म खात्यानंच छापलेला.

बाईंनी तिन्ही खोडले आणि समासात लिहिलं: खाते.

“खाते म्हणजे कोण?” सासऱ्यांनी वाकून वाचलं. “खातं उभं होतं का इथे?”

“एवढं पुरे, बाबा. लोकांवरचं बालंट टळलं. नवी वाहिनी आता खात्याच्या खर्चानं होईल.”

“त्या वर्षी आम्ही तीन निरीक्षक होतो. एक तर वारला. ‘मी नव्हतो’ म्हणून सांगायला तो येणार आहे का?”

बाईंनी ‘खाते’पुढे सासऱ्यांचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, मग रकाना पाचमध्ये कारखाना, हिरवं पाणी आणि दोन मिनिटं. खाली स्वतःची सही केली. एकाच कागदावर एकच आडनाव दोनदा आलं. उद्या ऑफिसात सगळे ते मोठ्यानं वाचणार होते.

वरच्या गॅलरीतून अध्यक्षांनी डोकावून विचारलं, “काय ठरलं? बादल्या भरून ठेवू का?”

बाई उत्तर देणार, तोच सासऱ्यांनी हात वर केला. “थांब सूनबाई, मी सांगतो.” आणि कठड्याला धरून ते एकेक पायरी जिना चढू लागले.